व्हेर्नोंचे जंगल आणि विक्रोळीचे इंजिन

बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे छायाचित्र बहुतेक वाचकांनी पाहिलेले असेल. तो उपग्रह म्हणजे ‘ॲपल’. बैल, गाडीवान आणि मागे चकाकणारी पेटी हे चित्र आपल्याकडे गरिबीतून घेतलेल्या झेपेचे म्हणून छापले जाते. खरे कारण अगदी साधे होते. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर, आसपास फारसा धातू नसताना घ्यायची होती आणि त्यासाठी ट्रकपेक्षा लाकडी गाडी सोयीची होती. हा खुलासा आता पुष्कळांना ठाऊक झाला आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बैलगाडीवरून उतरलेला हा उपग्रह आकाशात नेला कुणी?

१९ जून १९८१ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधील कुरू येथून ‘एरियान’ या युरोपीय अग्निबाणाने तो वर नेला. त्या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात ‘व्हायकिंग’ नावाची चार इंजिने होती. ती फ्रान्समधल्या व्हेर्नों या लहानशा शहराशेजारच्या जंगलात घडली आणि तिथल्याच चौथऱ्यांवर शेकडो वेळा पेटवून पाहिली गेली. त्या जंगलात काम करणाऱ्यांमध्ये काही वर्षे आपले अभियंतेही होते. व्हायकिंगचा भारतीय अवतार म्हणजे ‘विकास’. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात तोच असतो, जीएसएलव्हीतही तोच. चांद्रयान आणि मंगळयान यांच्या प्रवासात त्याचा वाटा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो पुस्तकांमुळे नव्हे. आमच्या जावळी खोऱ्यातली निम्मी घरे मुंबईवर जगली. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत, कुणी कारखान्यात. माझे एक थोरले चुलतभाऊ, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात वेल्डर होते. गणपतीला मेढ्याला आले की कधीतरी सांगायचे, “आम्ही रॉकेटचं इंजान करतो.” घरातले हसायचे. गोदरेज म्हणजे कपाट आणि कुलूप, फार तर तिजोरी. पुढे मंगळयानाच्या बातम्यांत विक्रोळीचे नाव आले, तेव्हा आप्पा सेवानिवृत्त होऊन गावी राहायला आले होते. त्यांनी मला विचारले, “तू एवढं वाचतोस, तर एक सांग. ते इंजान आपलं, का फ्रान्सचं?”

उत्तर देता आले नाही. ते शोधताना काही वर्षे गेली. फ्रेंच मला येत नव्हते, अजूनही धड येत नाही. पण शब्दकोश मांडीवर घेऊन जे वाचता आले ते वाचले. व्हेर्नोंला मी गेलेलो नाही. तिथला नकाशा मात्र एव्हाना जावळी तालुक्याच्या नकाशाइतकाच ओळखीचा झाला आहे.

पॅरिसहून सेन नदीच्या प्रवाहाबरोबर वायव्येला सुमारे ऐंशी किलोमीटर गेले की व्हेर्नों लागते. शहर नदीकाठी आहे. पलीकडच्या काठावर चढ आहे, आणि चढ संपला की वर सपाट पठार, त्यावर घनदाट झाडी. मेढ्यात वेण्णेच्या काठी उभे राहून वरच्या सड्याकडे पाहणाऱ्या माणसाला ही रचना लगेच उमगते: खाली वस्ती, वर कुणाच्या नजरेस न पडणारी मोकळी जागा. व्हेर्नोंपासून चार-पाच किलोमीटरवर जिव्हर्नी हे खेडे आहे. क्लोद मोने या चित्रकाराची बाग आणि कमळांचे तळे तिथेच. जगभरचे पर्यटक व्हेर्नों स्थानकावर उतरतात ते मोनेसाठी. पठारावर काय होते याची चौकशी करणारा त्यांच्यात विरळाच.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या पठारावर एदगार ब्रांद या शस्त्रनिर्मात्याचा कारखाना होता. १९४६ साली फ्रेंच सरकारने तिथे लष्करी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिचे लांबलचक नाव ‘प्राक्षेपिकी आणि वायुगतिकी संशोधन प्रयोगशाळा’ असे सांगता येईल; फ्रेंच आद्याक्षरांनी ती ‘एलआरबीए’ म्हणून ओळखली जाई. प्रयोगशाळा फ्रान्सची, पण तिच्यात कामाला लागलेले बरेचसे तज्ज्ञ जर्मन होते. तेही साधेसुधे जर्मन नव्हते. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या पेनेम्युंडे इथे, हिटलरच्या राजवटीत, ‘व्ही-२’ हे अस्त्र घडवणाऱ्या मंडळींपैकी ते होते.

या ठिकाणी मी वाचता वाचता बराच वेळ थांबलो होतो, म्हणून वाचकांनाही थांबवतो.

व्ही-२ हा पृथ्वीच्या वातावरणाबाहेर जाणारा पहिला अग्निबाण. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बाँब टाकले, तेव्हा त्याची निर्मिती मध्य जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनजवळ डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत हलवण्यात आली. तिथे राबवले गेले ते छळछावणीचे कैदी. त्या छावणीचे नाव मिटेलबाउ-डोरा. सुमारे ६० हजार माणसे तिथून गेली आणि त्यांतली सुमारे २० हजार मेली. उपासमारीने, आजाराने, फासावर. व्ही-२ पडून जितकी माणसे मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली, असे इतिहासकार सांगतात. त्या कैद्यांत हजारो फ्रेंच होते, नाझींविरुद्ध लढताना पकडले गेलेले. शिवाय ८ सप्टेंबर १९४४ रोजी युद्धात वापरलेला पहिला व्ही-२ पडला तो पॅरिसच्या उपनगरात. लंडनवर त्याच दिवशी संध्याकाळी.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्सने हे अस्त्र घडवणाऱ्यांना नोकरीवर घेतले. अमेरिकेने वेर्नर फॉन ब्राउन आणि त्याची टोळी नेली, रशियाने आपल्या वाट्याचे लोक नेले, ब्रिटनने काही घेतले. उरलेल्यांतले शंभराहून अधिक फ्रान्सला मिळाले. आधी त्यांना जर्मनीच्याच फ्रेंच ताब्यातल्या भागात ठेवले आणि मग हळूहळू बायकामुलांसह व्हेर्नोंच्या पठारावर आणले. त्यांच्यासाठी जंगलात वसाहत बांधली गेली. तिला ‘बुशडॉर्फ’ म्हणत, म्हणजे झाडीतले गाव. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्याने सेन ओलांडून व्हेर्नों सोडवले होते. पूल तुटला होता, शहर पडले होते. ते उभे राहायच्या आत वर जंगलात जर्मन कुटुंबे राहायला आली. खाली बाजारात त्यांच्याकडे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करायला इतिहासाची पुस्तके लागत नाहीत.

आपल्याकडे ‘विकास’विषयी जे काही लिहिले-बोलले गेले, त्यात वंशावळीतले हे पान सहसा वगळलेले असते. मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. नवे घर बांधताना जुन्या जागेची हकीकत कुणी विचारत नाही, तसे ते झाले असावे. पण इंजिनाची गोष्ट सांगायची तर ते पान उलटून पुढे जाता येत नाही, कारण व्हेर्नोंला आलेल्या त्या जर्मनांत कार्ल-हाइन्झ ब्रिंगर होता, आणि विकासच्या पोटात आजही त्याची कल्पना फिरते आहे.

ती कल्पना समजून घ्यायची तर द्रव इंधनाचे इंजिन कसे चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. दिवाळीतल्या बाणात दारू ठासलेली असते. एकदा वात लागली की ती जळतच जाते. हे घन इंधन. आपल्या अग्निबाणांसाठी ते घडवण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांचा केवढा वाटा होता, हे मराठी वाचकांना सांगायला नको. द्रव इंधनाची तऱ्हा वेगळी. एका टाकीत इंधन, दुसऱ्या टाकीत ते जाळायला लागणारा प्राणवायू पुरवणारा द्रव. दोन्ही ज्वलनकक्षात भेटवायचे आणि निघालेला वायू नळकांड्यातून मागे सोडायचा. सांगायला सोपे. पण विकाससारख्या इंजिनात दर सेकंदाला सुमारे अडीचशे किलो द्रव आत ढकलावा लागतो, आणि तोही पन्नासपट वातावरणीय दाबाच्या विरुद्ध. साठ टनांचा रेटा मिळतो तो त्यातून. म्हणजे इंजिनाच्या आधी पंप हवा, मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेणारा, आणि त्या पंपाला फिरवणारी टर्बाइन हवी.

व्ही-२ मध्ये ही टर्बाइन फिरवण्यासाठी वेगळेच रसायन सोबत न्यावे लागे: हायड्रोजन पेरॉक्साइडपासून वाफ करायची आणि त्या वाफेवर पंप चालवायचा. ब्रिंगरने वेगळी वाट काढली. मुख्य इंधनातलेच थोडे वेगळ्या लहान कक्षात जाळायचे आणि निघालेला तापलेला वायू टर्बाइनला द्यायचा. पण तो इतका तापलेला असतो की टर्बाइनची पाती वितळतील. म्हणून त्यात पाणी फवारायचे. साधे पाणी. वायूही थंड होतो आणि पाण्याची वाफ होऊन टर्बाइनला जोरही मिळतो. म्हणून व्हायकिंगच्या एकाच दांड्यावर इंधनाचा पंप, दुसऱ्या द्रवाचा पंप आणि पाण्याचा पंप असे तिन्ही बसवलेले. विकासमध्येही तेच. चंद्राकडे निघालेल्या अग्निबाणात पाण्याची टाकीही असते, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या गुऱ्हाळातल्या काहिलीवर पाण्याचा शिपका मारणारा गुळव्या आठवला.

यातले दोन द्रव म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि हायड्रॅझिनचा एक प्रकार. एकमेकांना स्पर्श होताच ते पेट घेतात, काडी लावावी लागत नाही. इंजिन पेटेल की नाही ही चिंता त्यामुळे मिटते. पण दोन्ही जहाल विषारी. एकाची वाफ तांबूस-तपकिरी, फुप्फुसे जाळणारी. दुसरे कर्करोगाला निमंत्रण देणारे. अशा इंजिनाची चाचणी वस्तीपासून दूर, जंगलात का घ्यायची याचे उत्तर निम्मे आवाजात आहे आणि निम्मे या वाफांत.

चाचणीचा चौथरा म्हणजे काय, तर भक्कम काँक्रीटची चौकट. इंजिन तिच्यात असे जखडायचे की ते सगळा जोर लावूनही हलू नये. त्याचा रेटा मोजायचा, दाब, तापमान, थरथर मोजायची. खाली ज्वाळेला वळवणारी खोल नाळ असते आणि तिच्यावर पाण्याचा लोंढा सोडतात, नाहीतर काँक्रीटही टिकत नाही. माणसे दूर, जाड भिंतीआड. उड्डाणात इंजिन एकदाच जळते आणि समुद्रात पडते. काय झाले ते सांगायला परत येत नाही. चौथऱ्यावर ते जागच्या जागी असते. फुटले तर तुकडे वेचता येतात. व्हेर्नोंचे खरे धन म्हणजे हे वेचलेले तुकडे आणि त्यांच्या नोंदी.

आरंभी तिथे व्ही-२ चा थोरला भाऊ करण्याचा बेत होता, तो १९४८ मध्ये सोडून दिला. मग ‘व्हेरोनिक’ हा लहान अग्निबाण आला. व्हेर्नों आणि इलेक्ट्रॉनिक या दोन शब्दांची सांगड घालून केलेले ते नाव. नायट्रिक आम्ल आणि टर्पेंटाइन अशा स्वस्त द्रवांवर तो चाले. अल्जीरियाच्या वाळवंटातल्या हमागीर तळावरून त्याची उड्डाणे होत. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यातून फेलिसेत नावाची मांजर अवकाशात जाऊन जिवंत परतली. पुढे अभ्यासासाठी तिला मारण्यात आले.

व्हेरोनिकची आपल्याशी ओळख वेगळ्या वाटेने झाली. झाक ब्लामों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्यातून सोडियमची वाफ वातावरणाच्या वरच्या थरात सोडली. मावळतीच्या प्रकाशात ती वाफ नारिंगी दिसते, आणि तिच्या सरकण्यावरून तिथला वारा मोजता येतो. ब्लामों हा विक्रम साराभाईंचा स्नेही. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंबाहून भारताच्या भूमीवरचा पहिला अग्निबाण उडाला तेव्हा अग्निबाण अमेरिकेचा होता, पण त्याच्या टोकातले सोडियम-वाफेचे उपकरण फ्रान्सकडून आलेले होते. त्या संध्याकाळी केरळच्या आकाशात उमटलेली नारिंगी रेघ व्हेर्नोंच्या प्रयोगांची पुतणी म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबर १९६५ मध्ये फ्रान्सने ‘दियामाँ’ अग्निबाणाने आपला उपग्रह कक्षेत सोडला आणि रशिया-अमेरिकेनंतर असे करणारा तो तिसरा देश ठरला. पहिल्या टप्प्याचे इंजिन व्हेर्नोंचे होते. त्यानंतर तिथे जरा मोठ्या, चाळीस टन रेट्याच्या इंजिनावर काम सुरू झाले. तेच वाढत वाढत व्हायकिंग झाले. १९७१ मध्ये इंजिनांचे काम लष्करी प्रयोगशाळेकडून ‘एसईपी’ या कंपनीकडे गेले. चौथरे तेच, माणसे बरीचशी तीच. दोन वर्षांनी एरियानचा निर्णय झाला आणि व्हायकिंगला अग्निबाण मिळाला.

नेमक्या या वेळी भारत दारात उभा होता. थुंबात घन इंधनाचा पाया पक्का होत चालला होता, द्रव इंधनाचे काम मात्र लहान इंजिनांपाशी घुटमळत होते. हा करार १९७४ मध्ये झाला आणि त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. भारताने पैसे द्यायचे नव्हते. त्याऐवजी आपल्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये शंभर मनुष्य-वर्षे काम करायचे आणि दाब मोजणारी हजारो उपकरणे भारतात बनवून फ्रान्सला पुरवायची. बदल्यात व्हायकिंगचे तंत्रज्ञान. घाम देऊन विद्या घ्यायची, असा तो सौदा. दोन्ही बाजूंना तो फायद्याचा वाटला यात नवल नाही. फ्रान्सला एरियानसाठी हात हवे होते, आणि हे इंजिन भारत खरोखर बनवील असे तेव्हा तिकडे किती जणांना वाटत होते, याबद्दल मला शंका आहे.

नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली आपली तुकडी व्हेर्नोंला गेली. पुढे १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. चित्रपटामुळे व्हेर्नों हे नाव काही मराठी घरांत पोहोचले खरे, पण पडद्यावर दिसते ते साहस. मला महत्त्वाचे वाटते ते पडद्यावर कंटाळवाणे ठरेल असे काम: दुसऱ्याच्या इंजिनाच्या बैठकांत बसणे, तपासणीचे तक्ते भरणे, चाचणीच्या कागदी पट्ट्यांवरची रेघ कुठे आणि का डळमळली ते पाहणे. रेखाचित्र विकत मिळते. अमुक सांध्याला एवढीच ढिलाई का ठेवली, हे रेखाचित्रावर लिहिलेले नसते. ते ज्याच्या समोर इंजिन फुटले त्याला ठाऊक असते.

इंजिन फुटण्याची गोष्ट लवकरच आली. डिसेंबर १९७९ मध्ये एरियानचे पहिले उड्डाण यशस्वी झाले. मे १९८० मधले दुसरे फसले. उड्डाणानंतर काही सेकंदांतच चारपैकी एका व्हायकिंगमधले ज्वलन अस्थिर झाले. कक्षातली ज्वाला सेकंदाला हजारो वेळा धडधडू लागली की इंजिन स्वतःलाच खाते. अग्निबाण समुद्रात गेला. त्यानंतरचे वर्ष व्हेर्नोंच्या जंगलात पुन्हा पुन्हा चाचण्या घेण्यात गेले. दोष सापडला तो इंजेक्टरपाशी, म्हणजे ज्या बारीक छिद्रांतून दोन्ही द्रव कक्षात शिरतात तिथे. त्या रचनेत किंचित बदल केला गेला. पुढच्या पिढीच्या एरियानमध्ये इंधनाचे मिश्रणही बदलले. आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच उड्डाणावर, म्हणजे एरियानच्या तिसऱ्या उड्डाणावर, स्वार होता आपला ॲपल. बैलगाडीच्या छायाचित्राकडे पाहताना मला आता ती छिद्रे आठवतात.

भारतात परतलेल्या तुकडीपुढे वेगळाच पेच होता. इंजिन देशात बनवता येत होते, पण ते पेटवून पाहायला जागा नव्हती. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला, आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाशी, चाचणीकेंद्र उभे राहत होते. ते पुरे व्हायला अवकाश होता. म्हणून भारतात बनवलेले पहिले इंजिन पुन्हा व्हेर्नोंला नेले गेले आणि १९८५ मध्ये तिथल्या चौथऱ्यावर पेटवले गेले. चाचणी यशस्वी झाली. त्यानंतर महेंद्रगिरीचे चौथरे सुरू झाले आणि व्हेर्नोंला जायची गरज उरली नाही.

‘विकास’ या नावाचे दोन अर्थ सांगतात. एक सरळ, प्रगती या अर्थाचा. दुसरा नंबी नारायणन सांगतात तो: विक्रम अंबालाल साराभाई या नावाच्या इंग्रजी अक्षरांतून काढलेले. मला दुसरा जास्त आवडतो. पण आवड हा पुरावा नव्हे, म्हणून दोन्ही नोंदवून पुढे जातो.

विक्रोळीची कथा इथून सुरू होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या जिथे बनल्या त्याच गोदरेजच्या आवारात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून इस्रोसाठी द्रव इंजिनांचे काम येऊ लागले. आप्पांकडून मी जे ऐकले ते मोठ्या शब्दांत सांगण्यासारखे नाही. एक सांधा जोडायचा. मग तो क्ष-किरणांखाली जायचा. कागदावर नापास असा शेरा आला की पुन्हा. वेल्डिंग करताना श्वास कसा धरायचा, हात कुठे टेकवायचा, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आधीच्या वेल्डरने सांगितले होते. आपण करतो तो भाग नेमका इंजिनात कुठे बसतो हेही बरीच वर्षे त्यांना ठाऊक नव्हते. मी एकदा कागदावर इंजिनाचा छेद काढून दाखवला. आप्पांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे पाणी इथनं जातं व्हय? तरीच त्या सांध्याला एवढं बघायचे.”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले ते असे. कल्पनेचा एक धागा जर्मन आहे, आणि तो जिथून निघतो तिथे डोराच्या बोगद्यातली माणसे मेलेली आहेत. ते आपण केलेले पाप नाही, पण माहीत असूनही विसरावे असेही नाही. इंजिन म्हणून त्याला आकार दिला तो फ्रान्सने, तीस वर्षे जंगलात स्फोट झेलून. आपल्या लोकांनी ते तिथे शंभर मनुष्य-वर्षे राबून शिकून घेतले. आणि गेली पस्तीस-चाळीस वर्षे ते बनते आहे, नापास होते आहे, पुन्हा बनते आहे ते विक्रोळीत, हैदराबादेत आणि महेंद्रगिरीच्या चौथऱ्यावर. या काळात आपण त्याचा रेटा वाढवला, इंधन बदलले. आप्पांना हे उत्तर लांबलचक वाटले. “म्हणजे दत्तक घेतलेलं,” ते म्हणाले. मला त्यात दुरुस्ती सुचवता आली नाही.

दत्तक गेलेल्या मुलाचे मूळ घर मात्र आता तसे राहिलेले नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये शेवटचे एरियान-४ उडाले आणि युरोपात व्हायकिंगचा कारभार संपला. नव्या एरियानला द्रवरूप हायड्रोजनवर चालणारी इंजिने होती. २०१२ मध्ये फ्रेंच सरकारने व्हेर्नोंची लष्करी प्रयोगशाळा बंद केली आणि तिची माणसे पश्चिमेकडे रेन शहराजवळ हलवली. पठाराचा तो भाग आता ‘अवकाश परिसर’ म्हणून नव्या उपयोगात आणला जात आहे; जुन्या लष्करी इमारती, कुंपणे आणि वाढलेली झाडी शेजारी शेजारी आहेत. सगळे थंडावले असे मात्र नाही. शेजारच्या भागात एरियानची कंपनी अजून इंजिने पेटवते, आणि २०२३ मध्ये युरोपच्या नव्या, मिथेनवर चालणाऱ्या ‘प्रोमेथिअस’ इंजिनाची पहिली ज्वाळा याच जंगलात दिसली. व्हायकिंगच्या घराण्याचा वंश मात्र तिथे राहिला नाही. तो आहे आपल्याकडे. तोही कायमचा नाही, कारण या विषारी द्रवांऐवजी केरोसीनवर चालणारे मोठे इंजिन इस्रो तयार करीत आहे. पुढेमागे महेंद्रगिरीचा विकासचा चौथराही कुणा अभ्यासकाला झाडीतून शोधावा लागेल.

१४ जुलै २०२३ ला दुपारी चांद्रयान-३ निघाले तेव्हा मी आप्पांच्या घरी होतो. मेढ्यात झड लागली होती आणि वीज जाईल की काय ही धास्ती होती. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी अग्निबाण उठला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी वाजवल्या नाहीत. त्या अग्निबाणात सुरुवातीला फक्त बाजूचे दोन घन इंधनाचे बाण जळतात. मधली दोन विकास इंजिने सुमारे १०८ सेकंदांनी पेटतात, हे मी त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवले होते. ते घड्याळाकडे बघत राहिले. पडद्यावरच्या माणसाने मधला टप्पा पेटल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी कपातला उरलेला चहा प्यायला आणि सूनबाईंना विचारले, “अजून आहे का गं थोडा?”